बटाट्याची पानं काळी पडली? गोव्यात तरी ते दंव नव्हे

डिसेंबर-जानेवारीत सत्तरी, डिचोलीकडचे ओळखीचे लोक हमखास विचारतात, परसातले बटाटे वीतभर वर आले आणि पानं काळी पडायला लागली, थंडीनं जळली का? नाही हो. पान जळायला त्यातलं पाणी गोठावं लागतं, म्हणजे पारा शून्याच्याही खाली एक-दोन डिग्री, आणि पणजीत जानेवारीची रात्र २० च्या आसपास असते, वाळपईला थोडी कमी. ते दुखणं निफाड-महाबळेश्वरकडचं. आपल्याकडे बहुतेक वेळा करपा असतो, म्हणजे पानांवर डाग पाडणारा बुरशीचा रोग.

फरक बघा. दंवात एका रात्रीत सगळे शेंडे एकदम जातात, सकाळी उकडलेल्या भाजीसारखे लिबलिबीत आणि उन्हं चढली की काळे. करप्यात आधी ठिपके येतात, मग पसरतात. खालच्या जुन्या पानांवर गोल वलयं असतील तर लवकर येणारा करपा, आणि ओलसर काळे डाग, सकाळी पानामागे पांढरी बुरशी असेल तर उशिराचा, तो फार वाईट, आठवड्यात वाफा संपवतो.

हे ओळखणं का महत्त्वाचं, तर उपाय अगदी उलटे आहेत. माझी बहीण निफाडला असते, ती दंवाच्या भीतीनं संध्याकाळी पाणी देते कारण ओली माती ऊब धरते, वरून गोणपाट टाकते, आणि शेंडे जळले तरी झाड उपटत नाही, मातीखालचं बेणं दोन-तीन आठवड्यांत नवीन कोंब काढतं. मी तिचं ऐकून इथे संध्याकाळी पाणी मारलं, पानं रात्रभर ओली राहिली आणि आख्खा वाफा गेला.

इथे पाणी सकाळी, तेही बुडाशी. डागाची पानं लगेच काढून जाळा, कंपोस्टमध्ये नको. मग बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं फवारायचं मिश्रण, पोफळीच्या (सुपारीच्या) कोळेरोगाला, फळं सडतात त्याला, मारतो तेच, एक टक्का. १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, प्लास्टिकच्याच भांड्यात, आणि दोन्ही एकदम तिसऱ्यात ओता. स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर अजून चुना घाला. त्याच दिवशी फवारा, पानाच्या मागच्या बाजूलाही. आलेला डाग यानं जात नाही, निरोगी पान वाचतं, म्हणून उशीर करू नका.

बुडाला मातीची भर मात्र दोन्हीकडे हवीच. झाड हाताबाहेर गेलंच तर पाला जमिनीलगत कापा आणि दोन आठवडे थांबून मग बटाटे काढा, नाहीतर पाल्यावरचा रोग बटाट्याला लागतो.