रेट्रो गेमिंगसाठी छोटा कॉम्प्युटर घेताय? या चुका टाळा

"कोणता मिनी पीसी घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, खेळायचं काय आहे? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: "सगळंच." इथेच घोडं पेंड खातं.

सगळंच म्हणजे १९८३ च्या निन्टेन्डो फॅमिकॉमपासून २००६ च्या निन्टेन्डो वी (Wii) कन्सोलपर्यंत. या दोन टोकांना लागणाऱ्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि कन्सोल किती जुना आहे एवढ्यावरून अंदाज बांधता येत नाही. १९९४ चा पहिला प्लेस्टेशन रास्पबेरी पाय ३ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरही छान चालतो. त्यानंतर दोनच वर्षांनी आलेला निन्टेन्डो ६४ मात्र पाय ४ वरही काही गेममध्ये अडखळतो, कारण त्याच्या ग्राफिक्स चिपवर चालणारा मायक्रोकोड (चिपच्या आतला छोटा प्रोग्राम) सगळ्या गेममध्ये सारखा नाही आणि एम्युलेटरला (जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला) तो सगळा सांभाळून घ्यावा लागतो. सेगा सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर एकाच वेळी चालतात, त्यांचा मेळ बसवणं हेच मोठं काम. प्लेस्टेशन २ चा मूळ प्रोसेसर जेमतेम २९५ मेगाहर्ट्झचा, तरी त्याची नक्कल करायला त्याच्या कितीतरी पट वेगवान चिप लागते.

म्हणून आधी कागद घ्या आणि खरोखर खेळणार असलेले दहा गेम लिहा. त्यातला सगळ्यात जड गेम कोणता, ते बघा. मशीन त्या गेमसाठी घ्यायचं. यादीत सुपर निन्टेन्डो आणि पहिला प्लेस्टेशन एवढंच असेल तर पाय ४ पुरेसा आहे, उगाच मोठ्या मशीनच्या मागे लागू नका. गेमक्यूब आणि प्लेस्टेशन २ असतील तर पायचा नाद सोडा आणि इंटेल किंवा एएमडीचा मिनी पीसी बघा. प्लेस्टेशन २ साठीचा पीसीएसएक्स२ हा एम्युलेटर त्याच प्रोसेसरांसाठी लिहिलेला आहे. इंटेलच्या एन१०० चिपवर प्लेस्टेशन २ चे बरेच गेम मूळ रिझोल्युशनला चालतात, पण जड गेमला तीही धापा टाकते. प्लेस्टेशन ३ ची आशा तिच्याकडून ठेवू नका.

कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) मोजत बसणं ही याच चुकीची धाकटी बहीण. "आठ कोअर आहेत, मग का अडखळतंय?" कारण जुन्या कन्सोलमधल्या चिप क्षणाक्षणाला एकमेकींची वाट बघतात, त्यामुळे ते काम आठ जणांत वाटून देता येत नाही. मुख्य भार एक-दोन कोअरवरच पडतो आणि बाकीचे बसून राहतात. मी फक्त एका कोअरचा वेग बघतो. मग मला हवा तो गेम त्याच चिपवर चालतानाचा, कोपऱ्यात फ्रेमचा आकडा (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो) दिसणारा व्हिडिओ शोधतो. आकडा लपवलेला व्हिडिओ मी पुराव्यात धरत नाही.

रॅमचंही तेच. पहिल्या प्लेस्टेशनची रॅम २ मेगाबाइट होती, दुसऱ्याची ३२. पायवर ४ जीबी भरपूर झाली.

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त वैताग आहे ती: कसल्याही चार्जरवर पाय चालवणं.

माझ्या मावसभावाने पाय ४ घेतला. मेनू झकास, टू-डी गेम झकास, पण थ्री-डी रेसिंग सुरू केलं की आवाज चिरकायचा, गाडी अडखळायची आणि मधेच कंट्रोलरचं कनेक्शन तुटायचं. त्याने मेमरी कार्ड पुसून सिस्टम पुन्हा टाकली. मग दुसरी सिस्टम टाकली, कार्ड बदललं, एम्युलेटर बदलला. शेवटी कुठल्याशा व्हिडिओत बघून ओव्हरक्लॉक केलं (प्रोसेसरचा वेग ठरलेल्यापेक्षा वाढवला), तर मशीन मधेच बंद पडायला लागलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी फोनवर विचारलं, "स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळं विजेचं चिन्ह येतं का रे?" तर म्हणाला, "यायचं दादा, पण त्रास व्हायचा म्हणून मी ते सेटिंगमधून बंद केलं."

ते चिन्हच तर रोगाचं नाव सांगत होतं. पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पाय ते दाखवतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. जड गेमला वीज जास्त लागते, म्हणून तो तेव्हाच गळपटतो. जुना फोन चार्जर आणि लांब, बारीक केबल यांत व्होल्टेज वाटेतच गळत होतं. ओव्हरक्लॉक काढलं, चांगला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला आणि तोच गेम त्याच कार्डावरून सुरळीत चालला.

पाय ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. "माझा चार्जर ६५ वॉटचा आहे" हे ऐकून घेऊ नका. तसे चार्जर ती ताकद ९, १५, २० व्होल्टवर देतात, ५ व्होल्टवर सहसा ३ अँपिअरच. पाय ५ त्यावर सुरू होतो, पण यूएसबीला मिळणारा करंट आखडता घेतो, आणि मग बाहेरची एसएसडी गायब झाली म्हणून लोक एसएसडीला दोष देतात. माझ्याकडे खात्रीचा एक अडॅप्टर चिठ्ठी चिकटवून वेगळा ठेवलेला असतो. कुणाचंही मशीन आलं की आधी तो लावतो, बाकी सगळं नंतर.

प्लग खेचून मशीन बंद करू नका. रेट्रोआर्च हा एम्युलेटर चालवणारा प्रोग्राम गेममधला सेव्ह सहसा गेम बंद करतानाच कार्डावर लिहितो. मेनूतून बंद करायला काही सेकंदच लागतात, तेवढा धीर नसेल तर हा छंद झेपणार नाही.

वायरलेस कंट्रोलरचा डोंगल (सिग्नल पकडणारा छोटा यूएसबी तुकडा) यूएसबी ३ च्या पोर्टला खेटून लावू नका. त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये मिसळतो. छोट्या एक्स्टेन्शन केबलने डोंगल लांब घ्या.

बटण दाबल्यावर उडी उशिरा येते? टीव्हीचा गेम मोड चालू करा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

काळी स्क्रीन आली तर बायोसची (कन्सोल सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) फाइल तपासा. पहिल्या प्लेस्टेशनची बरोबर ५१२ किलोबाइट असते. ती स्वतःच्या कन्सोलमधून काढलेली असावी.

गेम अडखळत नाही, पण सुरुवातीपासून सारखाच संथ वाटतो? मशीन विकायला काढण्याआधी फ्रेमचा आकडा बघा. तो ५० वर स्थिर असेल तर तुमच्याकडे गेमची युरोपातली पाल आवृत्ती आहे. तिथले टीव्ही ५० हर्ट्झचे होते आणि कित्येक गेम वेग न सुधारताच तिकडे विकले गेले. ६० हर्ट्झची आवृत्ती लावली की तोच गेम त्याच मशीनवर नीट धावतो. आकडा ६० वरून ४० आणि पुन्हा ६० असा नाचत असेल, तर आधी अडॅप्टर, मग पंखा आणि हीटसिंक, मग एम्युलेटरमधलं वाढवलेलं रिझोल्युशन, याच क्रमाने तपासा. नवीन मशीनचा विचार त्यानंतर.