फुटपाथवरचा कॉल: 108 वर नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी

महाराष्ट्रात 2014 पासून धावणाऱ्या 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवर रुजू होणाऱ्या डॉक्टरच्या मनाची अपघाताच्या किंवा प्रसूतीच्या कॉलसाठी तयारी झालेली असते. ‘फुटपाथवर एक माणूस पडला आहे’ एवढाच निरोप येतो आणि तो माणूस बहुधा बेघर असतो, त्या कॉलसाठी मात्र ती कोणी करून घेत नाही. तिथे पोहोचेपर्यंत कीव, किळस, कंटाळा आणि किळस वाटल्याची लाज असे सगळे एकत्र दाटून येते. हे वाटू नये म्हणून धडपडण्यात अर्थ नाही. या भावनेला तपासणीत शिरू न देणे एवढे मात्र आपल्या हातात असते, आणि त्यासाठी तपासणीचा क्रम आधीच पक्का करून ठेवावा.

मास्क आणि हातमोजे घालून रुग्णाच्या बाजूला खाली बसावे आणि ‘बाबा’, ‘मावशी’ अशी हाक मारून नाव विचारावे. उत्तर येवो न येवो, श्वासमार्ग, श्वास, नाडी, रक्तदाब व ऑक्सिजन पाहून झाल्यावर रक्तातली साखर मोजायला ग्लुकोमीटर काढावाच. ‘पिऊन पडलाय’ हे निदान बघ्यांनी आपल्या आधीच केलेले असते आणि वासामुळे ते आपल्यालाही पटते. पण वासावरून माणूस प्यायला आहे एवढेच कळते, त्याच्या बेशुद्धीचे कारण दारूच आहे हे त्यावरून ठरत नाही. रक्तातली साखर 70 मिलिग्रॅमच्या बरीच खाली गेलेला माणूसही असाच बरळतो आणि झोकांड्या खातो. नियमित पिणाऱ्याची दारू अचानक सुटली, तर साधारण 6 ते 48 तासांत त्याला फिट येऊ शकते. जटा झालेल्या केसांखाली जखम दडलेली असते, म्हणून डोक्यावरून बोटे फिरवावीत आणि डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या टॉर्चने तपासाव्यात.

सर्वांत जास्त चीड येते ती ‘पुन्हा तोच’ रुग्ण समोर आल्यावर. नेमकी त्याचीच तपासणी नव्याने करावी, कारण वारंवार पडणाऱ्या मद्यपीच्या मेंदूभोवती रक्तस्राव होऊन तो दिवसेंदिवस हळूहळू साचत जाऊ शकतो, आणि त्या दिवशीही रुग्ण नेहमीसारखाच दिसू शकतो.

रुग्ण गाडीत चढायला नकार देतो, तेव्हा तो कृतघ्नपणा समजू नये. 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली उचलून नेतील ही धास्ती त्याच्या मनात असू शकते. बऱ्याचदा तर आपले बोचके मागे राहील एवढीच चिंता असते. बोचके सोबत घ्यावे. (पायलट, म्हणजे गाडीचा चालक, कुरकुरेल, पण घेईल.) पूर्ण शुद्धीवर असलेल्या माणसाने सगळे समजून घेऊन दिलेला नकार मान्य करावा आणि साक्षीदाराच्या सहीने नोंदवावा, गोंधळलेल्या माणसाच्या नकाराला मात्र तेवढे वजन देता येत नाही. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना आढळल्यास मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 100 नुसार तिला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेण्याची जबाबदारी पोलिसांची आहे. तेव्हा त्यांना बोलवावे.

रुग्णालयात ताबा देताना ‘दारुडा आहे’ असे न म्हणता साखर, रक्तदाब, बाहुल्या आणि वेळ सांगावी. त्याने नाव सांगितले असेल तर ते कागदावर लिहावे. एरवी तो ‘अनोळखी इसम’ म्हणूनच नोंदला जातो. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना स्वतः कळवावे, कारण घरी सोडण्याच्या दिवशी या रुग्णाला जायला घर नसते. शहरी लोकसंख्येच्या दर एक लाखामागे किमान शंभर जणांचे कायमस्वरूपी निवारागृह असावे, असा शासकीय निकष आहे. प्रत्यक्षात ही निवारागृहे तोकडी पडतात आणि तोच माणूस पुन्हा त्याच फुटपाथवर भेटतो. आपल्या चिडीचा बराचसा भाग खरे तर या उणिवेवरचा असतो, तो रुग्णावर काढू नये.

स्ट्रेचर पुसून गाडी पुढच्या कॉलसाठी तयार करताना पायलटशी त्या कॉलविषयी मोकळेपणाने बोलावे. शिवी आली तरी हरकत नाही. चिडचिड जाऊन काहीच वाटेनासे झाले, किंवा फुटपाथचा कॉल म्हटल्यावर ग्लुकोमीटर पेटीतच राहू लागला, तर जिल्हा व्यवस्थापकांकडे पाळी बदलून मागावी आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर स्वतःसाठी फोन करावा.