संत्र्याच्या सालट्यांपासून घरच्या घरी चामड्यासारखं शीट, आपल्या उन्हाळ्यात जमेल असं

राजेहो, आपल्या विदर्भातल्या संत्रापट्ट्यात, वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडकडे मृग बहाराचा (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा) माल निघाला की ज्यूसवाल्यांच्या मागे सालट्यांचे ढीग लागतात, चुरी माल म्हणजे बारीक फळं तर तोडाईचा खर्चही काढत नाही, अन् नेमकं तेव्हाच ऊन तापायला लागलेलं असते. म्हणून हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच करा. आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या) फळगळ पावसाळ्यात होते, तेव्हा शीट वाळतच नाही, बुरशी येते.

आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा. चामड्याऐवजी वापरायचे असे माल बाजारात आहेत: पिनाटेक्स अननसाच्या पानांपासून बनते, मेक्सिकोचं डेझर्टो निवडुंगापासून, रॉटरडॅमचे फ्रूटलेदरवाले आंब्याच्या नासाडीपासून करतात, आपल्याच देशात केरळचं मलाई नारळपाण्यावर बॅक्टेरिया वाढवून होते. ऐकायला भारी वाटते पण पिनाटेक्स अन् डेझर्टोसारख्या मालात पॉलियुरेथेन असते, म्हणजे प्लास्टिकच, अन् मजबुती बऱ्यापैकी त्याच्यामुळेच येते. आपण घरी ते टाकत नाही, त्यामुळे आपल्या शीटची चप्पल होणार नाही, बेल्टही नाही. डायरीचं कव्हर, चष्म्याचं पाकीट, कार्ड ठेवायचं पाऊच, एवढं मस्त होते.

सामान: सालटी, मांजरपाट किंवा जुनं पातळ धोतर, ग्लिसरीन (मेडिकलमध्ये भेटते), चायना ग्रास म्हणजे अगर-अगर, पांढरं व्हिनेगर, पेंटच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल, थोडं मधाच्या पोळ्याचं मेण. मेण हे मधमाशीचं, म्हणून गिऱ्हाईक पक्कं व्हेगन (प्राण्यांपासूनचं काहीच न वापरणारं) असेल तर ते गाळा अन् तेलाचा एक हात जास्त मारा.

सालटी ताजी घ्या, हिरवी बुरशी चढलेली घेऊच नका. धुऊन दहा मिनिटं उकळा अन् ते पाणी फेकून द्या, सालीतलं तेल अन् साखर त्यात निघून जाते, नाहीतर शीट चिकट होते आणि मुंग्या लागतात. पण तासभर शिजवत बसू नका, सालीतलं पेक्टिनच तर आपला गोंद आहे, तेही पाण्यात उतरते. मग मिक्सरमधून एकदम बारीक काढा, गाठी राहिल्या की वाळताना तिथूनच चिरा पडतात. कपड्यात बांधून पिळा.

अर्धा किलो पिळलेल्या लगद्याला पाव लिटर पाणी, दहा ग्रॅम चायना ग्रास, चार मोठे चमचे ग्लिसरीन, दोन चमचे व्हिनेगर, इथून सुरुवात करा. चायना ग्रास आधी पाण्यात पूर्ण उकळून विरघळवा, मगच गंजात (पातेल्यात) लगदा टाका अन् मंद आचेवर घोटत रहा, बुडाला लागू देऊ नका. रंग पाहिजे असेल तर सुरुवातीलाच पाण्याऐवजी पळसाच्या फुलांचा काढा अन् चिमूटभर तुरटी टाका, पिवळा-केशरी येतो. काळा पाहिजे तर हिरड्याचा काढा अन् व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या गंजक्या खिळ्यांचं थोडं पाणी.

आता ओतायची वेळ. चायना ग्रास साधारण चाळीस डिग्रीच्या खाली आल्यावर गोठते, अन् आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी सावलीतच तेवढं असते! म्हणून रात्री किंवा पहाटे ओता. एकदा गोठलं की मग दिवसाच्या उन्हानं ते परत वितळत नाही, त्याला पाऊणशेच्या वर डिग्री लागते. सनमायकाच्या तुकड्यावर किंवा स्टीलच्या परातीत अर्धा लगदा पसरा, त्यावर ओला करून पिळलेला कपडा ताणून ठेवा, उरलेला लगदा वरून लावा, मिळून अर्धा सेंटीमीटर जाडी पुरे. कपडा नसला तर शीट आकसून कशीही वाकडी होते, त्यामुळे ही पायरी कोणी सोडू नका, व्हिडिओत बिनकपड्याचं दाखवतात ते विसरा.

वाळवायला ऊन नको, सावली अन् वारा पाहिजे, छपराखाली बाजेवर ठेवलं तरी चालते. थेट उन्हात कडा आधी वाळून वर वळतात अन् मधलं ओलंच राहते. वरून कोरडं लागलं की उलटवा, पूर्ण वाळलं की रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा. मग एक कोपरा दुमडून पाहा: तडकला तर पुढच्या घाण्याला एक चमचा ग्लिसरीन जास्त, हाताला चिकटला तर एक चमचा कमी. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढते, म्हणून एप्रिलमध्ये बरोबर वाटलेलं शीट जुलैत चिकट होऊ शकते, विकायचं असेल तर थोडं कमीच टाका.

खरी मेहनत लेपात आहे. जवसाचं तेल चिंधीनं एकदम पातळ लावा, पूर्ण सुकू द्या, मग दुसरा हात, तिसरा हात, घाईत जाड थर दिला की महिनाभर चिपचिप करते. शेवटी मेण गरम करून घासा. अन् हे नीट ऐका, जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाही, सुकताना ती आपोआप तापते अन् पेटते, आपल्या घरामागे पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) ढीग असते हे विसरू नका. चिंधी पाण्यात बुडवा, मग बाहेर उघड्यावर पसरून वाळू द्या.

शिवताना टाके लांब घाला, जवळजवळ छिद्रं पाडली तर पोस्टाच्या तिकिटासारखं तिथूनच फाटते. कडा दुमडून आतून कपडा लावला तर बचत गटाच्या शिलाई मशीनवरही निघते, सुई सोळा नंबरची घ्या.

विकताना लेदर म्हणून विकू नका, संत्र्याच्या सालीचं शीट म्हणूनच सांगा, अन् सोबत चिठ्ठी द्या: पावसात नेऊ नये, ओल्या कपड्यानं पुसू नये, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, वर्षातून एकदा तेलाचा हात मारावा.