शुगर बॉर्डरला आलीय? मेथी, इसबगोल, कारलं वगैरे सुरू करायच्या आधी हे वाचा

रिपोर्टमध्ये एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा) ५.७ ते ६.४ च्या मध्ये किंवा उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ आली की डॉक्टर म्हणतात प्रीडायबेटिस, आणि घरी आल्यावर पहिल्याच तासात फॅमिली ग्रुपवर पाच जणांचे पाच काढे येऊन पडतात. मग लोक काय करतात तर पाचही सुरू करतात. सगळा घोळ इथेच होतो, कारण शुगर उतरली तर कशाने उतरली कळत नाही आणि पोट बिघडलं तरी कशाने बिघडलं ते कळत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट घ्या आणि ती तीन महिने नीट घ्या.

माझं विचाराल तर सुरुवात मेथीने करा. स्वस्त आहे, डब्यात असतेच, आणि बाकीच्यांपेक्षा हिच्यामागे थोडा तरी पुरावा आहे. आपल्याकडेच प्रीडायबेटिस असलेल्या १४० लोकांवर तीन वर्षं अभ्यास झाला, त्यात एका गटाला रोज १० ग्रॅम मेथी पावडर दोन भागात जेवणाआधी दिली आणि त्या गटात पुढे डायबेटिस झालेले लोक कमी निघाले. अभ्यास छोटाच आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. मेथीत विरघळणारं फायबर भरपूर असतं, पाण्यात ते बुळबुळीत होतं आणि जेवणातली साखर रक्तात हळू जाते, म्हणून ती जेवणाआधी घ्यायची, नंतर नाही. पहिल्या आठवड्यात एक छोटा चमचा रात्री भिजवा, सकाळी नाश्त्याआधी चावून खा आणि ते पाणीही पिऊन टाका. पोट फुगलं नाही तर रात्रीच्या जेवणाआधी दुसरा चमचा. घामाला मेथीचा वास येतो, घरचे बोलतील, चालायचंच. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची अॅलर्जी असेल, प्रेग्नन्सी असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

मेथी अजिबातच जमत नसेल तर इसबगोल. जेवणाआधी एक चमचा भुसी मोठ्या ग्लासभर पाण्यात, आणि ढवळून लगेच प्यायची, ठेवली की लापशी होते. कोरडी कधीच गिळू नका, घशात अडकते. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी सकाळी सकाळी मेथी किंवा इसबगोल घेऊ नये, गोळीनंतर चांगले चार तास जाऊ द्यावेत, नाहीतर गोळी नीट लागू पडत नाही.

जांभळाच्या बियांची पावडर, गुडमार (एका वेलीचा पाला) यांचं नाव मोठं आहे पण माणसांवरचे चांगले अभ्यास थोडेच. कारल्याची भाजी खुशाल खा (गूळ घालून केली तर मग कारल्याला दोष देऊ नका). ज्यूसबद्दल मात्र मी कडक आहे, खास करून दुधी आणि कारलं एकत्र केलेला. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असाच मिक्स ज्यूस पिऊन मृत्यू झाला होता. दुधी कधीकधी कडू निघतो आणि तो कडूपणा विषारी असतो, आणि कारलं मिसळलं की दुधी कडू होता हे जिभेला कळणारच कसं? दालचिनीचंही तसंच, आपल्या मसाल्यातली जाड सालीची बहुतेक कॅशिया जातीची असते, तिच्यात कुमारिन असतं, रोज चमचा चमचा खाल्लं तर लिव्हरला त्रास होऊ शकतो. चहात चिमूटभर ठीक. गुळवेलीमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी छापल्या, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, पण लिव्हर आधीच कुरकुरत असेल तर कशाला रिस्क घ्या.

आता तयार कॅप्सूल. डबीवर कोणती वनस्पती किती मिलिग्रॅम हे लिहिलेलं नसेल, लायसन्स नंबर नसेल, तर परत ठेवा. ‘डायबेटिस मुळापासून बरा’ असं लिहिलं असेल तर पळाच, अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. आणि बिननावाची पावडर घेऊन दोन दिवसात शुगर धाडकन उतरली तर खूश होऊ नका, अशा पावडरीत अॅलोपथीच्या शुगरच्या गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्या आहेत. बर्बेरिनचं (दारुहळदीसारख्या झाडांतून काढलेला अर्क) सध्या फॅड आहे, पण ते बऱ्याच औषधांशी भांडतं, बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने नकोच.

सुरू करायच्या आधी एचबीए१सी आणि लिव्हरची टेस्ट करून घ्या, मग तीन महिन्यांनी पुन्हा, त्याच लॅबमध्ये. त्याआधी एचबीए१सी करून फारसा उपयोग नाही, कारण हा आकडा रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेली साखर मोजतो आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेही सांगा, लोह कमी असलं की हा आकडा उगाच जास्त येऊ शकतो. मेटफॉर्मिन (डॉक्टर देतात ती शुगरची गोळी) चालू असेल तर ती स्वतःहून बंद करायची नाही. आणि या तीन महिन्यात जेवणानंतरचं चालणं आणि भात-चपातीचं प्रमाण पण बदललंत तर (बदलाच, मेथीपेक्षा त्याचा पुरावा कितीतरी पक्का आहे) आकडा उतरल्यावर सगळं श्रेय मेथीला देऊ नका. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, अंगाला खाज सुटली, चक्कर येऊन घाम फुटला तर जे घेताय ते त्याच दिवशी बंद करा आणि डबी घेऊनच डॉक्टरकडे जा.