आलेला एसएमएस सर्व्हरवर नीट उतरवून घेताना

एसएमएस आला की गेटवे (मोबाइल नेटवर्क आणि आपला सर्व्हर यांना जोडणारी सेवा) आपण दिलेल्या यूआरएलवर पोस्ट रिक्वेस्ट पाठवतो. त्यात पाठवणाऱ्याचा नंबर, मजकूर आणि मेसेजचा आयडी असतो. मी सगळ्यात आधी गेटवेची सही तपासते. गुप्त की वापरून रिक्वेस्टचा एचमॅक (पडताळणीची खूण) काढायचा, हेडरमधल्या सहीशी ताडून पाहायचा. जुळला नाही तर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’ हे उत्तर. ही यूआरएल सगळ्या जगाला उघडी असते, म्हणून ही पायरी कधीच गाळू नका.

मग मेसेज नंतरच्या कामासाठी रांगेत टाका आणि लगेच २००, म्हणजे ‘मिळालं’ हे उत्तर द्या. सुरुवातीला मी डेटाबेस, ईमेल सगळं उरकून मग उत्तर द्यायचे. एका रात्री ईमेल सर्व्हर रेंगाळला. गेटवेला वाटलं, मेसेज पोचलाच नाही; त्याने तोच पुन्हा पुन्हा पाठवला आणि एकाच माणसाची नोंदणी तीनदा झाली. तेव्हापासून माझ्या टेबलात मेसेजच्या आयडीवर युनिक इंडेक्स (तोच आयडी दुसऱ्यांदा नोंदवू न देणारी अट) असतोच.

देवनागरी मजकुराची चाचणी जरूर घ्या. साध्या इंग्रजी मजकुराची १६० अक्षरं एका एसएमएसमध्ये मावतात, देवनागरीची मात्र ७०च, आणि काना-मात्राही त्यातच मोजल्या जातात! त्यामुळे मराठी मेसेज बऱ्याचदा तुकड्यांत येतो. गेटवे ते जोडून देतो का, हे आधीच पाहून ठेवा.