गेलेले पैसे परत मिळवण्याचा विचार: जुगाराच्या व्यसनावर बोधात्मक वर्तनोपचार कसा करावा

जुगार सोडू पाहणारा माणूस पुन्हा खेळायला बसतो तो बहुतेक वेळा नव्या कमाईसाठी नव्हे, तर गेलेले पैसे काढण्यासाठी. बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजेच सीबीटी हा विचार आणि वर्तन तपासून बदलायला शिकवणारा मानसोपचार, या एका विचाराला हात घालतो, आणि म्हणूनच आईच्या गळ्याची शपथ घेऊन जे साधत नाही ते त्यातून साधण्याची शक्यता असते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत जुगाराच्या विकाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांसोबत एकाच प्रकरणात स्थान दिले. तेव्हा हा चारित्र्याचा दोष मानून स्वतःला कोसत बसण्यापेक्षा आजार समजून पद्धतशीर कामाला लागावे.

पहिले काम पैशांचे. मनावर ताबा येईपर्यंत हाताशी पैसा असू नये, म्हणून पगाराचे खाते, एटीएम कार्ड आणि यूपीआयचा व्यवहार विश्वासातल्या एका व्यक्तीकडे काही महिन्यांसाठी सोपवावा आणि रोजच्या खर्चापुरतीच रोकड जवळ ठेवावी. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झाला असला, तरी मटक्याची चिठ्ठी घेणारा आणि क्रिकेटचा सट्टा घेणारा माणूस फोनच्या यादीत असतोच. ते क्रमांक आणि ते ग्रुप आजच काढून टाकावेत. सगळे कर्ज, अगदी मित्राकडून घेतलेले पाचशे रुपयेसुद्धा, एका कागदावर लिहून घरच्यांसमोर ठेवावे. घरच्यांनी मात्र दागिने मोडून ते एका फटक्यात फेडू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण त्यामुळे खेळणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरते आणि उपचाराची निकड संपते. हप्ते ठरवावेत आणि ते त्याच्याच कमाईतून जावेत.

त्यानंतर वही. किमान दोन आठवडे, ओढ वाटेल त्या प्रत्येक वेळी, खेळलात किंवा नाही तरीही, वेळ, जागा, सोबत कोण होते, आधी काय घडले, मनःस्थिती कशी होती आणि डोक्यात नेमके कोणते वाक्य आले हे लिहावे. ‘खेळावेसे वाटले’ एवढे पुरेसे नाही. ‘ओपनला गेले, आता क्लोजला काढतो’ (ओपन म्हणजे मटक्याचा आधी निघणारा आकडा, क्लोज म्हणजे नंतरचा) असे जसेच्या तसे वाक्य हवे, कारण तपासायचे आहे ते हेच. पगाराचा दिवस, घरातले भांडण, रिकामी संध्याकाळ असे आपले धोक्याचे प्रसंगही या नोंदींतून दिसू लागतात.

तपासणी कशी करावी हे मटक्याच्या हिशेबावरून स्पष्ट होईल. शून्य ते नऊ असे दहा आकडे. एकेरी आकडा लागल्यास साधारण नऊपट पैसे मिळतात. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले, तर शंभर रुपये जाऊन नव्वद परत येतात. ही दहा टक्क्यांची घट नशिबाची नसून खेळाच्या रचनेतली आहे, आणि वसुलीसाठी रक्कम वाढवली की सरासरी नुकसानही त्याच प्रमाणात वाढते. ‘पाच दिवस सात आला नाही, आज येणारच’ हे दुसरे वाक्य. आकड्याला काल काय आले होते याची आठवण नसते. मोंटे कार्लोच्या कॅसिनोत १९१३ साली रूलेच्या चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला आणि आता लाल येणारच म्हणून पैसे लावणाऱ्यांची मोठी रक्कम बुडाली. ‘एका घराने हुकला’ हेही तसेच. सातऐवजी सहा येणे म्हणजे जवळ पोहोचणे नव्हे, ती साधी हार आहे. क्रिकेटची जाण असलेल्याला हे पटायला जड जाते. जाण खरी असेलही, पण भाव ठरवताना बुकी आपला वाटा आधीच काढून ठेवतो.

वहीत विचारासमोर त्यावर आपला किती टक्के विश्वास आहे ते लिहावे, मग बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा मांडावा, आणि शेवटी स्वतःला खरोखर पटेल असे पर्यायी वाक्य लिहून विश्वास पुन्हा मोजावा. ‘ते पैसे खर्च झाले, पुढच्या डावाचा त्यांच्याशी संबंध नाही’ हे वाक्य अनेकांना पेलते.

ओढ लाटेसारखी चढते आणि ओसरते. ती आल्यावर अर्धा तास काहीही न ठरवता जागा बदलावी, आधीच ठरवलेल्या माणसाला फोन करावा आणि लाट उतरताना पाहावी. संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ धोक्याची असेल, तर त्याच वेळेला व्यायाम, भजन किंवा मुलांचा अभ्यास बांधून ठेवावा.

हे सारे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाच्या मदतीने, आठवड्याला एक बैठक याप्रमाणे काही महिने करणे उत्तम. नैराश्य किंवा दारू सोबत असल्यास मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटावे. कर्जापायी जीव नकोसा वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून ताबडतोब घरच्यांना सांगावे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. तेथे चोवीस तास, मराठीतही मदत मिळते.

मध्येच पाय घसरला, तर ‘आता सगळेच संपले’ हा विचारही वहीत लिहून तसाच तपासावा. खेळलेली रक्कम त्याच दिवशी पैसे सांभाळणाऱ्याला सांगावी, हातातली उरलेली रोकड त्याच्याकडे द्यावी, आणि पुढच्या बैठकीला ती नोंद घेऊन जावे.