पितळी इंजिनातले शॉर्टसर्किट : माझा अनुभव

डब्ल्यूडीएम-२ हे वाराणसीच्या कारखान्यात 1964 पासून बनू लागलेले, 2600 अश्वशक्तीचे डिझेल इंजिन लहानपणापासून आवडते असल्याने त्याच्या 1:87 प्रमाणाच्या छोट्या, रुळावर धावणाऱ्या मॉडेलचे पितळी किट मी जोडायला घेतले. आपल्या ब्रॉडगेजची 1676 मिलिमीटर रुंदी या प्रमाणात साधारण 19 मिलिमीटर भरते, तरी रूळ बाजारात सहज मिळणारे 16.5 मिलिमीटरचेच वापरले. जाणकारांना ते खटकेल, पण इलाज नव्हता.

सांगाडा डाख देऊन (सोल्डर करून) नीट उभा राहिला. मात्र इंजिन रुळावर ठेवताच, रुळांना वीज पुरवणारा कंट्रोलर शॉर्टसर्किटमुळे बंद पडे. इंजिनाखालच्या प्रत्येक बोगीत, म्हणजे चाकांच्या चौकटीत, तीन आस, आणि प्रत्येक आसाच्या एकाच चाकात विद्युतरोधक बुशिंग असते. पुढची बोगी एका रुळाकडून आणि मागची दुसऱ्या रुळाकडून वीज घेते, त्यामुळे एका बोगीतली बुशिंगची सर्व चाके एकाच बाजूस असावी लागतात. मोटारीची तार सोडवून मी जोडणी असेल तर वाजणारा मल्टिमीटर दोन्ही रुळांना लावला आणि एकेक आस काढत गेलो. मागच्या बोगीतला मधला आस काढताच मीटरचा आवाज थांबला. तो मीच उलटा बसवला होता.

तो फिरवल्यावर इंजिन सरळ धावले, पण वळणावर पुन्हा अडले. भिंगातून पाहता मागच्या बोगीच्या कोपऱ्यावर पितळेचा चकचकीत ओरखडा दिसला, कारण तो कोपरा सांगाड्याच्या पायरीच्या खालच्या कडेला घासत होता. पायरी अर्धा मिलिमीटर कानशीने घासली, आतून पातळ चिकटपट्टी लावली. आता वळणावरही गाडी अडत नाही.